शिवू नका, घरात मर आहे

बाबा,

तांबडी वाचली. मान वाकडी राहिली, पण वाचली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि ती अजून दोन वर्षांचीही नाही. पण घरातली कोंबडी आजारातून उठली की पहिल्यांदा तुम्हाला सांगायचं ही माझी लहानपणची खोड, ती काही जात नाही. आत्ता ती आमच्या लातूरच्या अंगणात, शेवग्याखाली, दाणे टिपून राहिली आहे. चोच मारते ती दाण्याच्या दोन बोटं बाजूला पडते. मग मान फिरवून पुन्हा नेम धरते. चार वेळा चुकते, पाचव्याला साधते, आणि साधलं की तोरा असा की पहिल्याच खेपेला साधलं. तुमचे जावई म्हणतात, ही तुझ्यावर गेली. मी म्हणते, माझ्यावर कशाला, माझ्या बापावर गेली म्हणा. खरं तर तुमची मान कधी वाकडी नव्हती. आईच्या मते ती जरा जास्तच सरळ होती आणि तोच तिचा जन्मभराचा वैताग होता.

कोंबड्या मी पाळल्या त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर. छत्तीस वर्षं पोरांचा कालवा ऐकलेल्या कानांना घर एकदम गप्प झालेलं सोसवेना. मुखेडला धाकट्या बहिणीकडं गेले होते, तिच्या कोंबडीनं नुकतीच पिल्लं काढली होती. चार पिल्लं बुटाच्या खोक्यात घालून एसटीनं घेऊन आले. कंडक्टरनं खोक्याला कान लावून विचारलं, "मॅडम, ह्यांचं तिकीट?" मी म्हटलं, "बारा वर्षांच्या आतले हायत, अर्धं फाडा." एक तांबडी, एक काळी, दोन चितऱ्या. अंड्यांसाठी पाळल्या असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे बोलायला पाळल्या. दुपारी ज्वारी निवडायला बसले की चौघी पायापाशी येऊन बसायच्या आणि मी त्यांना दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. तुमच्या हिशेबी ही चैन झाली. तुम्ही आम्हाला कोंबडीचं नाव ठेवू द्यायचा नाहीत. म्हणायचात, नाव ठेवलं की माया लागते, आणि माया लागली की सुई देताना हात थरथरतो.

यंदा हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी काळी पंख पाडून कोपऱ्यात बसली. हाक मारली तर डोळा उघडेना. खाली हिरवी, पातळ शीट. चोच उघडून श्वास घेऊन राहिली होती आणि घशातून खरखर येत होती. बाबा, साठीची बाई मी, पण पन्नास वर्षांपूर्वीची एक सकाळ जशीच्या तशी समोर आली. दुपारपर्यंत काळी गेली. बुधवारी उजाडता उजाडता एक चितरी गेली आणि दुसरीनं खाणं टाकलं. त्याच आठवड्यात पेपरात कुठं कुठं कावळे मरून पडल्याच्या बातम्या येत होत्या, लोकांच्या तोंडी बर्ड फ्लू होता आणि चिकनची दुकानं ओस पडली होती. तुमच्या वेळी हा शब्द नव्हता. तुमच्या वेळी एकच शब्द, मर. कोंबड्यांत साथ आली की गाव म्हणायचं मर आली. मग ती मान पिळवटणारी मानमोडी असो, देवी असो, नाहीतर आणखी काही. आता मात्र कोणती मर याला महत्त्व आलं आहे. मानमोडी असली तर शेजारपाजारच्या कोंबड्यांना लस देऊन वाचवता येतं. बर्ड फ्लू निघाला तर सरकारी माणसं येतात आणि आजूबाजूच्या सगळ्या कोंबड्या, धडधाकट असल्या तरी, मारून पुरून टाकतात.

आणि आमच्या आजूबाजूला म्हणजे समोरच्या मावशी. पंचाहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, लेक पुण्याला. चौदा गावरान कोंबड्या, हाच त्यांचा संसार. दिवस कोंबड्यांनी उजाडतो आणि कोंबड्यांनीच मावळतो. रोज सकाळी तांदळाची कणी ओच्यात घेऊन आमच्या अंगणात यायच्या, मागून त्यांची फौज, आणि आमच्या चौघींत मिसळून सगळ्या एकाच परातीतलं पाणी प्यायच्या. तुमच्या जावयांनी मेलेल्या दोघींकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "शेवग्याखाली खड्डा घेतो. कुणाला कळायची गरज न्हाई. तू दवाखान्यात फोन केला आणि तसलं काही निघालं, तर म्हातारीच्या चौदाच्या चौदा जातील. जन्मभर तोंड बघायची न्हाई ती तुझं." बोलणं खोटं नव्हतं. वाईट मनानंही नव्हतं. मी फोन हातात धरून ओट्यापाशी कितीतरी वेळ उभी होते. फोन केला तर मावशीच्या कोंबड्या जातील ही भीती, आणि नाही केला तर मावशीच्या कोंबड्या मरतील ही भीती. आणि तिथं उभ्या उभ्या मला तुमच्या चपला आठवल्या.

तुम्ही ढोरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुवून मलमपट्टी करणारे, होता. हा शब्द सहावीपर्यंत मला नीट म्हणता यायचा नाही आणि गावाला तर कधीच आला नाही, म्हणून गाव तुम्हाला डाक्टरच म्हणायचं. खरे डॉक्टर तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस तुम्हीच. कोंबड्यांची लस आली की आदल्या संध्याकाळच्या एसटीनं मुखेडहून बर्फ यायचा, भुशात आणि पोत्यात गुंडाळलेला. तो फोडून थर्मासमध्ये भरायचा, त्यात लसीच्या कुप्या, आणि खुराडी उघडायच्या आत तुम्ही दारोदार. दवाखान्याच्या चपला वेगळ्या, घरच्या वेगळ्या. आपल्या दारात पत्र्याचं घमेलं, त्यात फिनेलचं पाणी, आणि आत येणाऱ्यानं पाय त्यात बुडवूनच यायचं, मग तो मामा असो की मास्तर. गावात चेष्टा व्हायची. डाक्टरच्या घरी जायचं तर पाय धुवून जा, देवळात गेल्यावानी, असं म्हणायचे. आपण बौद्धवाड्यातले, त्यामुळं ही चेष्टा करताना काही जण जरा जास्तच हसायचे. तुम्ही हसण्यात हसून सोडून द्यायचात. आई मात्र धुसफुसत बसायची.

माझी मैत्रीण वरच्या आळीतल्या मोठ्या घरची. तिच्या आईला मी काकू म्हणायची. त्या घराच्या ओसरीवर चढायला तुम्हाला किती वर्षं लागली ते मी आईकडून ऐकलं आहे. सुरुवातीला तिथं गेलात की गाय गोठ्यात बघायची, हात अंगणात धुवायचे, आणि पाणी विचारलं तर वरून ओंजळीत. तुम्ही म्हणायचात, तहान न्हाई. उन्हाळ्यात, दुपारी एक वाजता, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू काढल्यावरसुद्धा तहान न्हाई. भांडला नाहीत, पण ओंजळही धरली नाहीत. शेवटी एकदा काकूच ओसरीच्या कडेशी येऊन म्हणाल्या, "डाक्टर, वर या. च्या घ्या." घरातल्या सगळ्यांच्या कपातला कप, तसलीच बशी. घरी येऊन तुम्ही त्याचा गाजावाजा केला नाही. आईला एवढंच म्हणालात, "त्यांच्या च्यात आलं जास्ती असतंय." चहा म्हणजे तुमचा जीव की प्राण. त्यानंतर त्या घरी गेलात की ओसरीवर बसून चहा ठरलेला, आणि मी मैत्रिणीशी खेळत असले तर तुम्ही मला बघितलं न बघितलं असं करायचात, पण कप जरा सावकाश प्यायचात.

आणि मग मी सहावीत असताना मर आली, ती पहिल्यांदा आपल्याच घरी. डाक्टरच्याच घरी, म्हणजे गावाला हसायला आयतंच कारण. अकरापैकी सात तीन दिवसांत गेल्या. तुम्ही परसात खोल खड्डा घेतलात, चुना टाकून पुरल्यात, खुराडं जाळलंत. आम्हाला सांगितलंत, शाळा आणि घर, मधे कुठं पाय ठेवायचा नाही. आणि मग तुम्ही गावात निघालात. लोक मर लपवतात. कुणी मरायच्या आत मुखेडच्या बाजारात नेऊन विकतं, कुणी पाहुण्याकडं पाठवतं, कुणी मेलेली कोंबडी शिवेपलीकडं टाकून येतं म्हणजे मर दुसऱ्या गावची झाली. तुम्ही मात्र प्रत्येक दारापुढं जाऊन, अंगणाबाहेर उभं राहून सांगत होता: "घरात मर हाय माझ्या. मी आत येत न्हाई. मला शिवू नका. कोंबड्या कोंडून ठेवा."

शाळेतून येताना मी तुम्हाला मोठ्या घरापुढं पाहिलं. पायऱ्यांच्या खाली, अंगणाच्याही बाहेर, टोपी काढून हातात घेतलेली. काकू वरून म्हणत होत्या, "या की वर, असं काय परक्यावानी," आणि तुम्ही मागं सरकून म्हणालात, "आज न्हाई. आज मला शिवू नका." रस्त्यात माणसं होती. त्यातलं एक जण हसून दुसऱ्याला काही बोललं. बाबा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई सांगायची त्या सगळ्या गोष्टी, ओंजळ, वेगळं भांडं, सावली, मला एकदम आठवल्या, आणि तो शब्द तुमच्या तोंडून, तुमचा तुम्ही काढलेला. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि म्हटलं, तुम्हीच सांगता कुणाच्या दारात खाली उभं राहायचं नाही आणि तुम्हीच उभे राहता. तुम्ही पाय धूत होता. बोटांच्या बेचक्यांत बोट घालून, एकेक बेचकी. मान वर न करता म्हणालात, "दुसऱ्यानं आपल्याला खाली उभं केलं तर ती शिवाशिव. आपण आपल्या पायानं खाली थांबलो तर ती डाक्टरी." मला ते पटलं नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला तसलं बोलणं पटत नसतं. मला वाटलं, भ्यालात आणि आता शहाणपणा सांगून राहिलात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उरलेल्या चारपैकी एक पांढरी माझी लाडकी, तिला मांडीवर घेऊन मी बसले होते, तिच्या नाकातून पाणी गळत होतं. तिला खाली ठेवलं आणि त्याच हातांनी, त्याच चपलांनी, उठून सरळ मोठ्या घरी गेले. कुणाला विचारलं नाही, पायऱ्या चढले, ओसरीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला काय दाखवायचं होतं ते आज मला सांगता येणार नाही, पण फार बरं वाटत होतं. काकूच्या कोंबड्या, वीस-बावीस असतील, माझ्या पायाशी येऊन चपलांना लागलेलं टिपायला लागल्या. त्या एवढ्या मोठ्या घरात काकूचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, त्या कोंबड्या. काकू बाहेर आल्या, जरा थबकल्या. "तुझे बाबा तर शिवू नका म्हणून गेले की काल." आणि मी, डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "बाबांनी सांगितलंय, आता काही हरकत नाही." काकूंनी लगेच विश्वास ठेवला. तुमचं नाव घेतल्यावर का ठेवणार नाहीत? त्यांनी मला धपाटं दिलं, वर लोणी दिलं. मी ओसरीवर बसून खाल्लं.

पाच-सहा दिवसांत काकूच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या. तुम्हाला बोलावणं आलं तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन त्याच रस्त्यानं येत होते आणि तुमच्या मागं येऊन उभी राहिले, कारण पळून गेले असते तर लगेच कळलं असतं. काकू रडत नव्हत्या. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "डाक्टर, तुम्हीच म्हणला म्हणं, आता हरकत न्हाई. पोरीनं सांगितलं. तुमच्या शब्दावर मी तिला वर घेतलं." मला वाटलं आता मागं वळून बघाल. वळला नाहीत. म्हणालात, "हाव. चुकलं माझं." आणि पिशवी खाली ठेवून कामाला लागलात. त्या दिवशी बावीसपैकी चार वाचवल्यात का पाच, मला नीट आठवत नाही. मला तुमची पाठ आठवते, घामानं भिजलेला सदरा. काम झाल्यावर चहा आला, तो ओसरीवर नाही, पायरीशी. तुम्ही म्हणालात, "नको. पित्त झालंय मला."

मी घरी मार खायच्या तयारीनं बसले होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तो शुक्रवार असेल. त्या आठवड्यात तुम्ही मुखेडला गेलात आणि येताना माझ्यासाठी रबरी चपलांचा जोड आणलात, निळ्या पट्ट्यांचा. आपल्या घरात एका पोरीला दोन जोड म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. तुमच्या स्वतःच्या चपलेला तेव्हा तारेनं टाका घातलेला होता. "ह्या घरच्या," म्हणालात, "आणि त्या बाहेरच्या. बदलायला इसरायचं न्हाई." एवढंच. मी मूर्ख, मला नव्या चपलांचा आनंदच झाला. त्या चपला हेच तुमचं बोलणं होतं, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच बसून रडले. बाबा, मी पुढं छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं. खोटं बोललेल्या पोराला मी कधी वर्गासमोर उभं केलं नाही. लोक म्हणायचे, बाई फार मवाळ. मवाळ कसली, माझ्या पायात निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या.

तर त्या बुधवारी ओट्यापाशी उभं राहून मी फोन लावला. तुमचे जावई डोक्याला हात लावून बसले. मग मी घमेलं शोधलं, फिनेलचं पाणी केलं, फाटकाच्या आत ठेवलं, चपला बदलल्या आणि फाटकाशी उभी राहिले. थोड्या वेळानं मावशी कणी घेऊन निघाल्या, मागं चौदा. मी हात आडवा केला. "मावशी, थांबा. माझ्याकडं मर आलीय. आत येऊ नका. मला शिवू नका." आणि बाबा, त्यांचा चेहरा उतरला. मर ऐकून नाही, त्या दुसऱ्या शब्दानं. आम्ही इथं घर बांधलं तेव्हा पहिलं वर्षभर मावशी आमच्या घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. उपास आहे म्हणायच्या, मंगळवारी, बुधवारी, सगळ्या वारी. पुढं त्यांचं त्यांनाच कसंसं झालं आणि एके दिवशी येऊन म्हणाल्या, च्या टाक. त्यावर आम्ही दोघी परत कधी बोललो नव्हतो. आता त्या तिथंच रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "असं नको म्हणू गं बाई. चुकलं होतं माझं. किती वर्सं झाली." मला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलून राहिल्या. कळलं तेव्हा मी म्हटलं, "ते शिवणं न्हाई मावशी, हे दुसरं. हे कोंबड्यांचं हाय. तुमच्या आधी घरात कोंडा." मग मी तेही सांगितलं की दवाखान्यात फोन केला आहे, आणि काय निघू शकतं, आणि निघालं तर काय होईल. लपवून ठेवायचं नव्हतं. मावशींनी कणी तिथंच रस्त्यावर टाकली. "गप बसली असती तर काय बिघडलं असतं तुझं?" म्हणाल्या. "माझ्या चौदाच्या चौदा नेतील ते. मग मी सकाळी उठून काय करू, सांग." पण शिव्या देत देत का होईना, त्यांनी कोंबड्या नेऊन कोंडल्या, आणि डालग्याखाली झाकल्या. ते मी इकडून पाहिलं आणि देवाधर्माचं काही नसलेली मी, हात जोडले.

दवाखान्यातून आलेली डॉक्टर पोरसवदा मुलगी होती, हातमोजे, तोंडाला पट्टी. मेलेली चितरी पिशवीत घेतली, उरलेल्या दोघींच्या घशातलं काडीवर घेतलं. आत येताना तिनं घमेलं पाहिलं, मुकाट्यानं बूट बुडवले आणि म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही सांगून थकतो, कुणी करत नाही." मी म्हटलं, "माझ्या बाबांनी. ते व्रणोपचारक होते." शब्द पहिल्या फटक्यात बरोबर आला. ती म्हणाली, "मग मला काही सांगायला नको." बाबा, तुम्ही असता तर टोपी सारखी केली असती. पण ती गेल्यावरचे पाच दिवस विचारू नका. रिपोर्ट येईपर्यंत समोरचं दार बंद. आतून कोंबड्यांचा आवाज यायचा, मावशींचा नाही. मी रोज फाटकाशी उभी राहून विचारायची, कशा हायत? आतून उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आमची दुसरी चितरी गेली आणि तांबडीची मान पिळली. त्याच दिवशी समोरून आवाज आला, "तीन मेल्या." एवढंच. त्या रात्री मी जेवले नाही. काकूचा तो कोरडा आवाज कानात होता. मला वाटत होतं, मी दुसऱ्यांदा एका बाईचं सगळं घालवलं, एकदा खोटं बोलून आणि एकदा खरं बोलून.

सहाव्या दिवशी डॉक्टर मुलीचा फोन आला. बर्ड फ्लू नाही. मानमोडी. मी चपला न बदलता पळणार होते, तुमचे जावई ओरडले, "घमेलं." मी फाटकातूनच हाका मारल्या. मावशींनी दार उघडलं, ऐकलं, आणि दारातच खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आत, त्यांच्या अकरांना डॉक्टर मुलीनं लस दिली. मी इकडून बघत होते. थर्मासच्या जागी निळा डबा होता, बर्फाच्या जागी बर्फाच्या पिशव्या, पण कोंबडीचा पंख उचलायची हाताची तऱ्हा तीच. अकराच्या अकरा आज आहेत. कोंडल्या नसत्या तर नसत्या, असं ती मुलगी मावशींना माझ्यासमोर म्हणाली. मावशी म्हणाल्या, "हाव, कळतंय मला," आणि माझ्याकडं बघितलं नाही.

तुमच्या पित्ताचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. वर्षभर तुम्ही काकूच्या ओसरीवर चढला नाहीत. काकूंनी पुन्हा पिल्लं केली, तुम्ही त्यांना वेळेवर लस दिलीत, अंगणात बसून, एकेक. शेवटची कोंबडी सोडल्यावर काकू स्वतः पायऱ्या उतरून खाली आल्या, हातात कपबशी. "पित्त गेलं का डाक्टर?" तुम्ही त्यांच्याकडं पाहिलंत. "गेलं," म्हणालात. "मग वर बसून घ्या," काकू म्हणाल्या. आणि तुम्ही वर गेलात.

पंधरा दिवस सरल्यावर, कालच, मावशी आल्या. फाटकाशी थांबल्या, न सांगता पाय घमेल्यात घातले, पाणी गार आहे म्हणून कुरकुरल्या, आणि मग मला म्हणाल्या, "आता शिवू का गं बाई? का अजून सोवळ्यात हाईस?" मला हसू आलं. मी म्हटलं, या. पण त्या पाय पाण्यात तसाच ठेवून उभ्या. म्हातारं माणूस, एकदा भ्यालेलं. "नक्की ना? बघ बरं. तिकडं अकरा हायत माझ्या." आणि बाबा, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाबांनी सांगितलंय, आता काही हरकत नाही." तेच शब्द, त्याच क्रमानं. मावशी म्हणाल्या, "तुझे बाबा कवाच गेले की." मी म्हटलं, "हाव. पण सांगून ठेवलंय त्यांनी." या खेपेला ते खोटं नव्हतं. पंधरा दिवस थांबायचं, घमेलं, चपला, बेचक्या, सगळं तुमचंच. मी आत जाऊन चहा टाकला, आलं जरा जास्त घातलं, आणि मावशी तांबडीची वाकडी मान बघून म्हणाल्या, मुंडावळ्या बांधल्या तर नवरीच दिसंल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. माझ्या नोकरीच्या कागदांच्या डब्यात ठेवीन; तुमचं सेवापुस्तकही तिथंच आहे. उपकार म्हणणार नाही, तुम्हाला तो शब्द आवडायचा नाही. पण तुम्ही माझं खोटं तुमच्या अंगावर घेतलंत आणि मला ते जन्मभर सोसवेल एवढ्या हळू हातानं परत दिलंत, म्हणून मी आज फाटकाशी सरळ उभी राहू शकले, एवढं तरी तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे. एकच गोष्ट राहिली. काकूसमोर पित्त म्हणालात आणि मग ते निभवायचं म्हणून तुम्ही घरचाही चहा सोडलात, वर्षभर. आईला खरंच वाटलं. ती रोज संध्याकाळी धन्या-जिऱ्याचं पाणी करायची आणि पेला माझ्या हाती द्यायची, जा, बाबांना दे, पित्तानं बेजार झालेत. मी तो आणून द्यायची, तुम्ही तोंड वाकडं करून प्यायचात, आणि रिकामा पेला घेऊन मी परत जायची. बाबा, तुम्हाला पित्त नव्हतं, हे मला पहिल्या पेल्यापासून माहीत होतं.